डाग, व्रण आणि डॉक्टर मॅकिंडो



अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून आपलं संपादक मंडळ दरवर्षी मागे लागतं आणि दरवर्षी मी प्रोजेक्टच्या डेडलाइनचं कारण सांगून सुटका करून घेतो. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेल्या माणसाने लिहावं तरी कशावर? या वर्षी मात्र विषय सापडला. खरं सांगायचं तर तो पंचवीसहून जास्त वर्षं माझ्या मानेवरच बसलेला होता.

1997 ची दिवाळी. मी चौथीत होतो. सांगलीला आमच्या वाड्यासमोर भुईनळा लावला, तो पेटेना. थोडा वेळ वाट पाहिली आणि वाकून फुंकर मारायला गेलो. नेमका तेव्हाच तो फुटला! उजवा हात आणि जबड्याखालून मानेपर्यंतचा भाग भाजला. मग शेजारपाजारचे सगळे धावले. कुणी टूथपेस्ट लावली, कुणी शाई ओतली, एका आजींनी हळद लावली. दवाखान्यात डॉक्टरांना आधी ते सगळं खरवडून काढावं लागलं. आई त्या वेळी दाराबाहेर उभी होती. ती अजूनही भुईनळा लावलेला बघू शकत नाही.

जखम दीड महिन्यात भरली. व्रण राहिला. मानेवर जाड, तांबूस, उंचवट्यासारखा, आणि हातावर अंगठा व तर्जनीच्या मधली कातडी आखडलेली. शाळेत मुलांनी ठेवायची ती नावं ठेवली. पुढे मीच हुशार झालो. फोटो नेहमी डावीकडून. शर्ट कॉलरचा, तोही वरच्या बटणापर्यंत. मुलगी बघायच्या कार्यक्रमालासुद्धा मी डावी बाजू पुढे करूनच बसलो होतो. (बायको म्हणते तिला ते पहिल्या दोन मिनिटांतच कळलं होतं.) मंडळाच्या दिवाळीला सगळे झब्ब्यात आणि मी एकटा बंद गळ्यात, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय. थंडीची आवड म्हणून नव्हे हो, या कारणासाठी!

इंग्लंडला आल्यावर काही वर्षांनी मला ससेक्समधल्या ईस्ट ग्रिन्स्टेड या गावाजवळ एका क्लायंटकडे काम मिळालं. छोटं, जुन्या लाकडी घरांचं गाव. एका दुपारी सँडविच घेऊन हाय स्ट्रीटवर फिरत होतो आणि सॅकव्हिल कॉलेज या जुन्या वास्तूसमोर एक ब्राँझचा पुतळा दिसला. खुर्चीत बसलेला एक तरुण वैमानिक. हाताची बोटं भाजून आखडलेली. त्याच्या मागे एक माणूस उभा, दोन्ही हात त्या तरुणाच्या खांद्यांवर. मी त्या आखडलेल्या बोटांकडे बघितलं आणि मग नकळत माझ्या अंगठ्याकडे.

उभा असलेला माणूस म्हणजे सर आर्चिबाल्ड मॅकिंडो. पुतळा 2014 साली उभारला गेला. शिल्पकार मार्टिन जेनिंग्ज यांचे वडील युद्धात भाजले होते आणि त्यांच्यावर मॅकिंडोंनीच उपचार केले होते, हे मला नंतर समजलं. त्या दिवसापासून मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. आता तुम्हालाही सांगतो.

न्यूझीलंडचा मुलगा

आर्चिबाल्ड मॅकिंडो यांचा जन्म 4 मे 1900 रोजी न्यूझीलंडमधल्या डुनेडिन या गावी झाला. वडील जॉन छापखाना चालवायचे. आई मेबल हिल चित्रकार होती. म्हणजे एकीकडे अक्षर जुळवणारे हात आणि दुसरीकडे चेहरे रंगवणारे. मुलगा पुढे चेहरे जुळवणारा झाला यात नवल नाही! ओटॅगो विद्यापीठातून तो डॉक्टर झाला आणि अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकची फेलोशिप मिळाली. एकच अडचण होती. फेलोशिप अविवाहितांसाठी होती आणि याचं नुकतंच लग्न झालेलं. मग काय, लग्न लपवून एकटाच अमेरिकेला गेला. बायको वर्षभराने आली. डिपेंडंट व्हिसाची वाट बघितलेल्या आपल्या मंडळींना हे दुःख वेगळं सांगायला नको.

मेयोमध्ये त्याने पोटाच्या आणि यकृताच्या शस्त्रक्रियेत नाव कमावलं. तिथे एका बड्या इंग्लिश सर्जनने, लॉर्ड मॉयनिहान यांनी, त्याचं कसब पाहून इंग्लंडला येण्याचा सल्ला दिला. त्या भरवशावर 1930 साली मॅकिंडो बायको-मुलांसह लंडनला आला, आणि बघतो तर नोकरीच नाही. परक्या देशात, खिसा रिकामा, डिग्रीला कुणी विचारत नाही. ही गोष्टही आपल्या ओळखीचीच.

अशा वेळी उपयोगी पडला एक नातेवाईक, सर हॅरॉल्ड गिलीज. तेही मूळचे न्यूझीलंडचेच. पहिल्या महायुद्धात तोंडावर गोळ्या आणि बॉम्बचे तुकडे लागलेल्या हजारो सैनिकांचे चेहरे गिलीज यांनी नव्याने घडवले होते. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांनी मॅकिंडोला हाताखाली घेतलं. यकृताचा सर्जन आता कातडीचा सर्जन झाला. आयटीच्या भाषेत सांगायचं तर तिशीत टेक्नॉलॉजी बदलली आणि शून्यापासून सुरुवात केली. 1938 साली तो ब्रिटिश हवाई दलाचा, म्हणजे आरएएफचा, प्लास्टिक सर्जरीचा सल्लागार झाला. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा अख्ख्या ब्रिटनमध्ये पूर्ण वेळ प्लास्टिक सर्जन होते फक्त चार!

वॉर्ड नंबर तीन

सप्टेंबर 1939 मध्ये मॅकिंडोंची नेमणूक ईस्ट ग्रिन्स्टेडच्या क्वीन व्हिक्टोरिया हॉस्पिटलमध्ये झाली. 1940 च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या आकाशात लढाई पेटली आणि भाजलेले वैमानिक येऊ लागले. हरिकेन आणि स्पिटफायर या विमानांत पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या पुढ्यातच असायची. गोळी लागली की आगीचा लोळ सरळ तोंडावर. हातमोजे, गॉगल काढलेले असले तर काही सेकंदांत चेहरा आणि हात जायचे. बहुतेक मुलं विशी-बाविशीची.

त्या काळी भाजलेल्या जागेवर टॅनिक ॲसिड लावायची पद्धत होती. त्याने जखमेवर कातड्यासारखं टणक कवच तयार व्हायचं. दिसायला जखम झाकली जायची, पण कवचाखाली बोटं आखडायची, पापण्या ओढल्या जायच्या आणि डोळे मिटेनासे व्हायचे. मॅकिंडोंनी चेहऱ्यावर आणि हातावर हे औषध वापरायला कडाडून विरोध केला आणि शेवटी ते बंद करायला लावलं.

मग लावायचं काय? इथे त्यांची नजर कामी आली. जे वैमानिक पॅराशूटने समुद्रात पडले होते, त्यांच्या जखमा जमिनीवर पडलेल्यांपेक्षा चांगल्या भरत होत्या. समुद्राचं पाणी, म्हणजे मिठाचं पाणी! त्यांनी वॉर्डमध्ये कोमट मिठाच्या पाण्याचे टब बसवले. रुग्णाला त्यात अलगद सोडायचं. चिकटलेली पट्टी ओढून काढायची गरज नाही, ती पाण्यात आपोआप सुटायची. पाण्यातच बोटं हलवता यायची, म्हणजे सांधे आखडणं कमी. नंतर व्हॅसलिनची जाळीदार पट्टी. माझ्या हातावरची वाळलेली पट्टी रोज ओढून काढली जायची, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. म्हणून मला या टबाचं मोल जरा जास्तच वाटतं.

त्यानंतर शस्त्रक्रिया. पापण्यांसाठी दंडाच्या आतल्या बाजूची पातळ कातडी. नाकासाठी गिलीज यांची युक्ती: खांद्याची किंवा छातीची कातडी एका बाजूने शरीराला जोडलेलीच ठेवून, नळीसारखी शिवून, दुसरं टोक नाकाला जोडायचं. तिथे रक्तपुरवठा सुरू झाला की आठवड्यांनी पहिलं टोक कापायचं. तोपर्यंत रुग्ण हत्तीच्या सोंडेसारखी नळी घेऊन वॉर्डभर हिंडायचा. एकेकावर वीस-वीस, तीस-तीस शस्त्रक्रिया, कित्येक वर्षं.

आणि इथे आपला एक धागा जुळतो. 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक हकीकत छापून आली. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपू सुलतानाच्या सैनिकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराने पुण्याजवळ वीट-मातीचं काम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. हे वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि 1814 मध्ये लंडनला तशीच शस्त्रक्रिया केली. कातडीचा तुकडा पूर्ण न तोडता फिरवून जोडायचा, हे तत्त्व युरोपात नव्याने रुजलं त्यात पुण्याजवळच्या त्या कारागिराचा वाटा आहे. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. दुर्दैव!

गिनीपिगांचा क्लब

पण मॅकिंडोंचं खरं मोठेपण मला सुरीच्या पुढे दिसतं. त्यांच्या लक्षात आलं की चेहरा दुरुस्त झाला तरी तो पूर्वीसारखा होणार नाही. हे पोरगं आता पन्नास वर्षं त्याच चेहऱ्याने जगणार. त्याची तयारी कोण करणार?

त्यांनी वॉर्डचे नियमच बदलले. आजारी सैनिकांसाठी जो निळा गणवेश असायचा तो बंद. मुलांनी आपला हवाई दलाचा गणवेश किंवा साधे कपडे घालायचे. वॉर्डमध्ये चक्क बिअरचं पिंप! अधिकारी आणि साधे सैनिक एकाच खोलीत. स्वतः मॅकिंडोंनी हवाई दलात हुद्दा घेतला नाही, नागरिकच राहिले. म्हणजे वरिष्ठांशी भांडायला मोकळे! आणि ते भांडले, मुलांच्या पगारासाठी आणि त्यांना लवकर सेवेतून काढू नये यासाठी.

20 जुलै 1941 रोजी रुग्णांनी आपला क्लब काढला. आपल्यावर नवे नवे प्रयोग होतात म्हणून नाव ठेवलं गिनीपिग क्लब. खजिनदार असा निवडला की ज्याचे पाय भाजलेत, म्हणजे पैसे घेऊन पळायला नको. सेक्रेटरी असा की ज्याची बोटं भाजलीत, म्हणजे लांबलचक मिनिट्स लिहायला नकोत. (आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीने विचार करायला हरकत नाही!) सुरुवातीचे 39 सदस्य युद्ध संपेपर्यंत 649 झाले. ब्रिटिश होते, तसेच कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकियाचेही होते. काही जण पुन्हा विमान चालवायला गेले. क्लब पुढे साठहून जास्त वर्षं दरवर्षी भेटत राहिला. शेवटचं मोठं संमेलन 2007 मध्ये झालं.

आता गावाची गोष्ट. मॅकिंडोंनी आपले मित्र नेव्हिल आणि इलेन ब्लाँड यांना हाताशी धरलं आणि गावकऱ्यांना समजावलं. ही मुलं पबमध्ये, सिनेमाला, दुकानात येतील. त्यांच्याकडे टक लावून बघायचं नाही, तोंडही फिरवायचं नाही. घरी चहाला बोलवा. गावाने ऐकलं. लोकांनी मुलांना घरी जेवायला नेलं, नाचाला नेलं. काहींची लग्नंही जमली. टक लावून न बघणारं गाव अशी ईस्ट ग्रिन्स्टेडची ओळख झाली, ती आजतागायत.

मॅकिंडो देवमाणूस होते असं मी म्हणणार नाही. तापट, हेकट, स्वतःचंच खरं करणारे. वॉर्डमध्ये देखण्या नर्सेस असाव्यात हा त्यांचा आग्रह, आणि मुलांची थट्टामस्करी त्यांनी हसून सोसावी ही अपेक्षा. आज ते कुणालाही खटकेल आणि खटकायलाच हवं. जखमा धुण्याचं, रात्री ओरडून उठणाऱ्या मुलांपाशी बसण्याचं काम त्याच मुलींनी केलं. पुतळ्यात त्या नाहीत.

1947 मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. 11 एप्रिल 1960 रोजी झोपेतच हृदयविकाराने ते गेले. वय अवघं एकोणसाठ. त्यांच्या अस्थी लंडनमधल्या हवाई दलाच्या सेंट क्लेमेंट डेन्स चर्चमध्ये ठेवल्या आहेत. हा मान एका नागरिकाला मिळाला!

आज काय करता येतं?

हे सगळं वाचून झाल्यावर मी इतक्या वर्षांनी प्रथमच जीपीकडे जाऊन बंद गळ्याचं बटण काढलं. मी डॉक्टर नाही, तेव्हा पुढचं वाचून स्वतःच उपचार करू नका. पण आपल्या माणसांना माहीत असावं म्हणून लिहितो.

व्रण ही जिवंत गोष्ट आहे. जखम भरल्यावर वर्ष-दोन वर्षं तो बदलत असतो. जखमेच्या हद्दीत जाड होणारा व्रण वेगळा आणि हद्द ओलांडून वाढणारा केलॉइड वेगळा. केलॉइड आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांत जास्त आढळतो. नव्या व्रणाला साध्या, बिनवासाच्या क्रीमने रोज मसाज करतात आणि उन्हापासून जपतात. सिलिकॉनची जेल किंवा पातळ पट्टी काही महिने, दिवसाचे बारा तास आणि त्याहून जास्त, लावून ठेवतात. मोठ्या भाजण्यात मापाने शिवलेले घट्ट दाबाचे कपडे देतात. केलॉइडमध्ये स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. तो नुसता कापून काढला तर अनेकदा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. लाली आणि खडबडीतपणासाठी लेझर आहे, पण सावळ्या कातडीवर रंग बिघडू शकतो, म्हणून अनुभवी हात हवा. कातडी आखडून सांधा अडकला असेल तर झेड अक्षरासारखा छेद देऊन ती सैल करतात.

माझ्या अंगठ्यावर हीच शेवटची शस्त्रक्रिया झाली. सकाळी गेलो, संध्याकाळी घरी. मग काही महिने व्यायाम. आता अंगठा पूर्ण उघडतो. मानेवर काही इंजेक्शनं झाली. हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की जी खाज रात्रभर झोपू द्यायची नाही, ती गेली. व्रण चपटा झाला, पण आहे. तो राहणारच, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं होतं. केवळ दिसण्यासाठीचे उपचार एनएचएसवर सहसा मिळत नाहीत. खाज, दुखणं, आखडणं यांसाठी मिळू शकतात, तेव्हा तेही मोकळेपणाने सांगा. मी खाजेबद्दल कधी कुणाला बोललोच नव्हतो, व्रण म्हणजे दिसण्याचाच प्रश्न असं धरून चाललो होतो.

डाग झाकायचा असेल तर कातडीच्या रंगाशी जुळणारी, पाण्याने न जाणारी खास क्रीमं असतात. ती कशी लावायची हे चेंजिंग फेसेस ही ब्रिटिश संस्था शिकवत आली आहे. तरुणपणी गाडीच्या आगीत भाजलेल्या जेम्स पार्ट्रिज यांनी ती 1992 मध्ये सुरू केली. झाकण्यात कमीपणा नाही आणि न झाकण्यातही नाही.

आणि दिवाळी आहे म्हणून एवढं लक्षात ठेवाच. भाजलं तर लगेच वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काहीच नको. अंगठी-बांगडी काढा, वर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म अलगद ठेवा आणि डॉक्टरकडे जा. न पेटलेल्या फटाक्याकडे वाकून बघू नका. हे मी अधिकाराने सांगतो!

गेल्या वर्षी माझ्या सात वर्षांच्या मुलीने घरचे फोटो बघताना विचारलं होतं की बाबाची एकच बाजू का असते. मला उत्तर सुचलं नाही. तिने कधी माझ्या मानेकडे टक लावून बघितलं नव्हतं, तिच्यासाठी ती बाबाची मान होती. मीच गेली कित्येक वर्षं आरशात टक लावत होतो. ईस्ट ग्रिन्स्टेडच्या लोकांना जे जमलं ते मला स्वतःच्या बाबतीत जमलं नव्हतं.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्यांना घरी फराळाला बोलवा. डोळ्यांत बघून बोला, चिवड्यात तिखट जास्त झालंय का ते विचारा. बाकी काही लागत नाही.

यंदा मंडळाच्या कार्यक्रमाला मी झब्बा घालणार आहे, गळा उघडा. संपादकांनी लेखासोबत छापायला फोटो मागितला होता. उजवीकडून काढलेला पाठवलाय.

सर्वांना शुभ दीपावली!